भूल देणाऱ्या औषधांचा अभ्यास करताना या चुका टाळा

सेव्होफ्लुरेन हा श्वासावाटे दिला जाणारा भूलवायू हॅलोथेन या तशाच वायूपेक्षा रक्तात कमी विरघळतो, तरी त्याने रुग्णाला भूल लवकर कशी चढते, असे तोंडी परीक्षेत विचारले की अनेक विद्यार्थी अडखळतात, कारण औषध रक्तात जितके जास्त विरघळेल तितके ते मेंदूपर्यंत लवकर पोहोचेल असा त्यांचा पक्का समज झालेला असतो. मेंदूवर परिणाम करतो तो वायूचा आंशिक दाब, म्हणजे मिश्रणातल्या त्या एका वायूचा स्वतःचा दाब. सहज विरघळणारा वायू रक्त शोषून घेतच राहते, त्यामुळे फुप्फुसांतल्या वायुकोशांतला दाब सावकाश वाढतो आणि मेंदूतलाही त्याच गतीने. हॅलोथेनचा रक्त-वायू विभाजन गुणांक (वायू रक्तात किती विरघळतो याचे माप) सुमारे २.४, आयसोफ्लुरेनचा १.४, सेव्होफ्लुरेनचा ०.६५ आणि डेसफ्लुरेनचा ०.४२ आहे. हे आकडे पाठ करण्याआधी त्यांच्यामागचे हे कारण एकदा स्वतःच्या शब्दांत मांडून पाहावे.

हे कारण समजले की रक्तस्रावाने खचलेल्या रुग्णाच्या बाबतीतली घोडचूकही टळते. अशा रुग्णाचे कार्डियाक आउटपुट, म्हणजे हृदय दर मिनिटाला पुढे ढकलते ते रक्त, कमी असल्याने फुप्फुसांतून वाहणारे रक्त वायू कमी उचलते, वायुकोशांतला दाब झपाट्याने चढतो आणि भूल अपेक्षेपेक्षा लवकर खोल जाते. शिरेतून दिलेल्या औषधाचे मात्र नेमके उलटे होते: ते मेंदूपर्यंत उशिरा पोहोचते. रुग्ण अजून जागा आहे असे पाहून घाईने प्रोपोफॉलचा दुसरा डोस दिला, तर दोन्ही डोसांचा परिणाम एकावर एक येतो आणि रक्तदाब कोसळतो. येथे सुरुवातीलाच डोस कमी ठेवावा, तो हळूहळू द्यावा आणि थांबण्याचा धीर धरावा.

मॅक या संज्ञेचा अर्थही बहुधा अर्धवट समजलेला असतो. शस्त्रक्रियेचा छेद घेतल्यावर निम्मे रुग्ण हालचाल करणार नाहीत, अशी वायुकोशांतली वायूची तीव्रता म्हणजे एक मॅक; म्हणजे उरलेले निम्मे हलतीलच. शिवाय ही हालचाल प्रामुख्याने मज्जारज्जूच्या पातळीवर रोखली जाते, म्हणून मॅकवरून स्मृती किंवा जाणीव यांविषयी थेट निष्कर्ष काढू नये. सेव्होफ्लुरेनचा मॅक चाळिशीच्या आसपास साधारण २ टक्के असतो आणि पुढे वयाच्या दर दशकाला तो आधीच्या मूल्याच्या सुमारे ६ टक्क्यांनी घटतो, त्यामुळे ऐंशीच्या आजींना तरुणाइतकी मात्रा देणे धोक्याचे ठरते. नायट्रस ऑक्साइडचा मॅक १०४ टक्के आहे, म्हणजे नेहमीच्या वातावरणीय दाबाखाली तो एकटा पूर्ण भूल देऊच शकत नाही.

शिरेतून दिल्या जाणाऱ्या थायोपेंटोनचा एक डोस दिल्यावर रुग्ण काही मिनिटांत जागा होतो, यावरून औषध शरीराबाहेर गेले असे समजू नये. ते मेंदूतून स्नायूंकडे सरकलेले असते. त्याचा उत्सर्जनाचा अर्धायुकाल (शरीरातले औषध निम्मे होण्यास लागणारा वेळ) मात्र सुमारे ११ तासांचा आहे. वारंवार डोस दिल्यास स्नायूंसारख्या ऊतींतले औषधाचे साठे भरत जातात आणि जाग येणे लांबते. रुग्ण वेळेत जागा झाला नाही, तर दिलेल्या सर्व औषधांची एकूण मात्रा मांडावी, रक्तातली साखर, कार्बन डायऑक्साइड व शरीराचे तापमान तपासावे आणि स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंश शिल्लक आहे का, हेही पाहावे.

माझ्या मते सर्वांत गंभीर चूक याच शेवटच्या औषधगटाबाबत होते. व्हेक्युरोनियम किंवा सक्सिनिलकोलीन यांनी रुग्ण निश्चल होतो. त्याची शुद्ध मात्र जात नाही आणि वेदनाही कमी होत नाहीत. प्रोपोफॉल शुद्ध हरपवतो, पण वेदनाशमन करत नाही. ते काम फेंटानिल किंवा केटामाइनसारख्या औषधाकडे सोपवावे लागते. म्हणून शिथिल केलेल्या रुग्णाची नाडी अचानक वाढली, डोळ्यांत पाणी आले किंवा घाम फुटला, तर आणखी शिथिलक देण्यापूर्वी व्हेपोरायझर (द्रव भूल-औषधाची वाफ करून देणारे उपकरण) रिकामा झालेला नाही ना, प्रोपोफॉलची नळी कापडाखाली सुटलेली नाही ना आणि उच्छ्वासातल्या वायूची तीव्रता मॉनिटरवर किती दिसते, हे प्रथम पाहावे. ही लक्षणे दिसत नसली, तरी रुग्ण जागा नाही अशी खात्री त्यावरून देता येत नाही.