३५० स्मॉल ब्लॉकसाठी हेडर कसे निवडावेत

शेव्हरोलेचं ३५० स्मॉल ब्लॉक (३५० घन इंचांचं व्ही-८ इंजिन) रोज रस्त्यावर आणि अधूनमधून ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ शर्यतीच्या ट्रॅकवर, धावणार असेल, तर कमाल हॉर्सपॉवर बघून हेडर (ओतीव एक्झॉस्ट मॅनिफोल्डऐवजी बसणारा, प्रत्येक सिलिंडरला वेगळी नळी असलेला जोड) घेऊ नका. टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) किती आरपीएमला हवा, ते आधी ठरवा. नळीचा व्यास त्यावरूनच निघतो.

नळीच्या आतल्या छेदाचं क्षेत्रफळ चौरस इंचात काढा, त्याला ८८,२०० ने गुणा आणि एका सिलिंडरच्या घनफळाने, म्हणजे ४३.७५ घन इंचांनी भागा. टॉर्कचं शिखर अंदाजे किती आरपीएमला येईल ते कळतं. १८ गेज नळीची भिंत ०.०४९ इंच जाड असते. ती वजा करून १ ५/८ इंची नळीचं उत्तर ३,७०० च्या आसपास येतं, पावणेदोन इंचीचं ४,३००, १ ७/८ इंचीचं ५,०००. सौम्य कॅम (झडपा उघडणारा दांडा), ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा साधा टॉर्क कन्व्हर्टर आणि ३.५५ चा मागचा गिअर (मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर) असेल तर १ ५/८ घ्या. कॅम मोठा, गिअर ४.१० असेल तर पावणेदोन. १ ७/८ इंची नळी अशा ३५० ला सहसा मोठीच पडते: वायूचा वेग मंदावतो, सिलिंडरमधला जळका वायू नीट ओढला जात नाही आणि सिग्नलवरून निघताना गाडी जड वाटते.

नळ्या ३० ते ३६ इंच लांब, कलेक्टर (नळ्या जिथे एकत्र येतात तो भाग) ३ इंची. शॉर्टी, म्हणजे आखूड नळ्यांचे हेडर, बसवायला सोपे, पण स्ट्रिपवर त्यांचा फायदा फारच थोडा.

पैसे मोजण्याआधी जागा तपासा. सिलिंडर हेडचे स्पार्क प्लग सरळ आहेत की तिरके, हे विक्रेत्याला सांगाच. प्लगच्या वायरचं बूट (टोकाची टोपी) नळीला टेकलं की वितळतं आणि मिसफायर सुरू होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. स्टार्टर, स्टीअरिंग बॉक्स, क्लचची लिंकेज आणि ऑइल फिल्टर यांच्याभोवतीही मोकळी जागा हवी. कलेक्टर जमिनीच्या किती जवळ येतो, तेही मोजा. स्पीडब्रेकरला पहिला तोच घासतो.

फ्लँज (हेडरची इंजिनाला बोल्टने बसणारी पट्टी) ३/८ इंच जाड हवा. पातळ फ्लँज तापून वाकतो. या इंजिनाचे मधले दोन एक्झॉस्ट पोर्ट शेजारीशेजारी असल्याने तिथे उष्णता साठते आणि गॅस्केट बहुधा तिथूनच जळतं. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने आवळा. इंजिन तापवून पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा आवळा, आणि हे दोन-तीनदा करा. टिकटिक आवाज आला तर गळती शोधा. गळतीतून बाहेरची हवा आत शिरली की ऑक्सिजन सेन्सर मिश्रण पातळ (हवा जास्त, इंधन कमी) असल्याचं खोटंच दाखवतो.

हेडर बसल्यावर कार्ब्युरेटरचं मिश्रण खरोखरच पातळ होऊ शकतं. प्लगचा रंग वाचा आणि गरज पडल्यास मेन जेट (इंधन सोडणारं मुख्य छिद्र) एक-दोन नंबरांनी वाढवा.

सिरॅमिक कोटिंगचे हेडर नव्या फ्लॅट टॅपेट कॅमच्या ब्रेक-इनला, म्हणजे नवा कॅम पहिल्यांदा चालवून बसवताना, लावू नका. त्या वेळच्या उष्णतेने कोटिंग खराब होतं, म्हणून तेवढ्यापुरता जुना ओतीव मॅनिफोल्ड वापरा. साध्या पोलादी नळ्यांवर कापडी रॅप गुंडाळणंही टाळा. त्यात ओल धरते आणि नळ्या आतल्या आत गंजतात.