पोट बिघडलं की घरोघरी होणाऱ्या चुका, या टाळा

आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) आमरस-पुरणपोळी पोटात गेली, वर पारा पंचेचाळिशीला टेकला, की अमळनेरात आमच्या मेडिकलवर दोनच मागण्या असतात. "भाऊ, लगेच थांबेल असं द्या", नाहीतर "लगेच होईल असं द्या". निम्मे घोटाळे या 'लगेच'पायीच होतात.

सगळ्यात जास्त चीड येते ती ओआरएसची. मोठी पुडी एक लिटर पाण्याची, छोटी 200 मिलीची. पुडीवर तसं छापलेलंच असतं, पण वाचतो कोण? मोठी पुडी फोडून अंदाजाने ग्लासभर पाण्यात टाकतात. द्रावण खारट झालं की लेकरू ओकतं, त्याची तहान आणखी वाढते, रक्तातलं सोडियमही चढू शकतं. मी गिऱ्हाइकाच्या हातात लिटरची रिकामी बाटलीच देतो: पूर्ण पुडी, पूर्ण बाटली, उकळून गार केलेलं पाणी, चमच्याचमच्याने पाजा. 24 तासांनी उरलेलं ओतून द्या. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात साखर सहा चमचे आणि मीठ अर्धा चमचा, चहाचा चमचा, सपाट भरलेला. खोक्यातलं गोड सरबत म्हणजे ओआरएस नव्हे.

लेकराला झिंकची गोळी दिली असेल तर 14 दिवस पूर्ण द्या. जुलाब थांबले म्हणून डबी फडताळात टाकू नका.

आता दुसरी चूक, जी लवकर कुणाच्या ध्यानातच येत नाही. एक जण घाईघाईत आला, "आबाले जुलाब लागना, बंद करानी गोळी द्या." आबा खुबा मोडून अंथरुणावर, दुखण्याच्या गोळ्या चालू, धोतर सारखं ओलं. मी विचारलं, घट्ट संडास शेवटची कधी झाली? पोरगा बायकोला फोन लावून बसला. आठवडा उलटून गेला होता. आत खडा अडकलेला आणि बाजूने पातळ पाझरत होतं. बंद करायची गोळी दिली असती तर आतडं आणखी जाम झालं असतं. गोळी न देता डॉक्टरकडे पाठवलं, तिथे एनिमा दिल्यावर सुटका झाली. अंथरुणावरच्या म्हाताऱ्या माणसाला 'जुलाब' लागले तर आधी हा प्रश्न विचारा.

तसंही लोपेरामाइड, म्हणजे ही जुलाब बंद करायची गोळी, लहान मुलांना, किंवा ताप आणि शौचात रक्त असताना, स्वतःच्या मनाने द्यायचीच नाही.

इसबगोल दोन घोटांत उरकणारे शूर फार. ते पाण्यात फुगतं. पाणी कमी पडलं तर घशात अडकतं किंवा बद्धकोष्ठ आणखी वाढवतं. मोठा ग्लासभर पाण्यात ढवळा, लगेच प्या, वर आणखी एक ग्लास. इतर गोळ्यांत दोन तासांचं अंतर ठेवा. गुण यायला दोन-तीन दिवस लागतात. तेवढा थांबायचा धीर नसलेले मग सोनामुखीच्या रेचकाकडे वळतात आणि त्याच्यावरच विसंबून राहतात.

गरोदर बाईला एरंडेल देऊ नका.

सगळं खापर भरीत-शेवभाजीवर फोडू नका. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्यांनीही कोठा जड होतो. लोहाने शौच काळी होते, त्याला घाबरू नका. पण लोह चालू नसताना डांबरासारखी काळी, चिकट झाली, किंवा पोट फुगलंय, ओकाऱ्या होताहेत आणि वाराही सरत नाही, तर आमच्या दुकानाची पायरी चढूच नका, सरळ दवाखाना गाठा.