मराठी वेबपान 'नमस्कार' लिहून तपासू नका

मराठी वेबसाइट तयार करताना बहुतेक जण पानावर 'नमस्कार' टाकून बघतात आणि तो उमटला की पुढच्या कामाला लागतात. पण 'नमस्कार'मध्ये एकच जोडाक्षर आहे, तेही सोपं. तो कुठेही बरा दिसतो. पान फसतं ते 'मूर्तींच्या'वर, 'दऱ्याखोऱ्यांत'वर आणि गिऱ्हाइकानं रकमेच्या चौकटीत '५००' टाकल्यावर. त्यामुळे कोडला हात लावण्याआधी हे वाक्य एका फाइलमध्ये साठवून ठेवा:

राष्ट्रगीतानंतर शाळेतल्या आचाऱ्यानं मूर्तींपुढचं श्रीखंड दर्यात बुडवलं, दऱ्यांत शोधलं आणि ॲपवर ₹१२,३४,५६७ ची ऑर्डर नोंदवली.

अर्थाच्या नादी लागू नका. 'ष्ट्र' खाली वाढतो, 'र्तीं'वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकाच जागी दाटी करतात, 'दर्या' आणि 'दऱ्या' हे वेगळे दिसलेच पाहिजेत. पुढच्या प्रत्येक पायरीनंतर हे वाक्य शीर्षकात, परिच्छेदात, बटणावर आणि फॉर्मच्या चौकटीत टाकून बघा.

१. एन्कोडिंग

फाइल यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) साठवा आणि पानाच्या हेडमध्ये अगदी वर कॅरेक्टर सेट सांगणारा मेटा टॅग द्या. तो पहिल्या १०२४ बाइटच्या आत आला पाहिजे. वर लांबलचक स्क्रिप्ट कोंबली की तो खाली ढकलला जातो. डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर टेबलाला 'यूटीएफ८एमबी४' द्या आणि जोडणीलाही तेच. जुन्या तीन बाइटच्या 'यूटीएफ८'मध्ये देवनागरी मावते, कारण आपलं प्रत्येक चिन्ह तीनच बाइट घेतं. पण कुणी शेवटी इमोजी टाकला की नोंद अडते.

बिघाड झाला तर आधी लक्षण बघा. रिकाम्या चौकटी दिसल्या तर फाँट तेवढा नाही, मजकूर शाबूत आहे. डोक्यावर तिरप्या खुणा घेतलेल्या रोमन 'ए'ची रांग दिसली तर ब्राउझर बाइट चुकीच्या पद्धतीनं वाचतोय. हेही बहुधा दुरुस्त होतं. प्रश्नचिन्हांची रांग मात्र वाईट. साठवतानाच अक्षरं गेलेली असतात, बॅकअपशिवाय परत येत नाहीत.

मजकूर श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फाँटमधून आला असेल तर तो मुळात रोमन चिन्हांवर चढवलेला मराठी मुखवटा असतो. आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये (प्रत्येक चिन्हाला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) आणा आणि नंतर 'ऱ्य', 'ॲ' आणि रफार डोळ्यांनी वाचून काढा. चुका तिथेच साचतात.

२. भाषा सांगा

एचटीएमएल टॅगच्या 'लँग' गुणधर्माला 'एमआर' ही किंमत द्या. एका ओळीचं काम, पण सर्रास राहून जातं. टेम्पलेटमध्ये इंग्रजीचं 'ईएन' तसंच पडून असतं. मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श हिंदीत रुळलेल्या रूपांहून वेगळे आहेत, आणि महाराष्ट्र शासनानं २००९ मध्ये लिपीचं प्रमाणीकरण करताना मराठी रूपांचाच आग्रह धरला. काही फाँटमध्ये दोन्ही रूपं असतात. कोणतं काढायचं हे ब्राउझर या गुणधर्मावरून ठरवतो. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी साधनंही आवाज निवडताना हाच बघतात.

३. फाँट आणि मांडणी

फाँट स्वतःच्या सर्व्हरवरून द्यायचा असेल तर डब्ल्यूओएफएफ-२ या वेबसाठीच्या स्वरूपात द्या. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँट रोमनपेक्षा जड असतो, म्हणून दोनच वजनं ठेवा: साधं आणि ठळक. 'युनिकोड-रेंज' (फाँट कोणत्या चिन्हांना लावायचा ते सांगणारी ओळ) लिहिताना फक्त ०९०० ते ०९७एफ इतकाच पट्टा देऊन थांबू नका. २००सी आणि २००डी ही न दिसणारी जोडचिन्हं, २०बी९ हे रुपयाचं चिन्ह आणि २५सीसी हे ठिपक्यांचं वर्तुळही घाला. जोडचिन्ह पट्ट्याबाहेर राहिलं तर ब्राउझर ते दुसऱ्या फाँटमध्ये शोधू शकतो आणि मधलं जोडाक्षर तुटतं.

मग सीएसएस, म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणारे नियम. 'लेटर-स्पेसिंग' शून्य ठेवा. इंग्रजी शीर्षकाला ऐट आणणारं ते अंतर मराठीत शिरोरेषेचे तुकडे करतं. 'लाइन-हाइट' १.६ ते १.८ ठेवा, १.२ ला वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर चढतो. रोमनला १६ पिक्सेल पुरत असतील तर मराठीला १७–१८ द्या. तिरपी अक्षरं टाळा, फाँटला तिरपं रूप नसेल तर ब्राउझर सरळ अक्षरच कलतं करतो. जोर द्यायचा तर ठळक करा. बटणाला आणि चौकटीला ठरावीक उंची देऊ नका, वरखाली पॅडिंग (आतली मोकळी जागा) द्या. उंची बांधून बाहेरचा भाग लपवला की 'मूर्तीं'चा अनुस्वार आधी जातो.

४. शोध

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि दोष पडद्यावर दिसतही नाही. 'ॲप' तीन प्रकारे टंकलं जातं: ॲ हे स्वतंत्र चिन्ह (युनिकोडमध्ये ते २००८ मध्ये आलं), अ वर वेगळा चंद्र, किंवा हिंदी कीबोर्डवरचा ऍ. डोळ्याला जवळपास सारखेच, संगणकाला तीन वेगळे शब्द. 'दऱ्या'तही तेच: कुणाचा कीबोर्ड ऱ हे अक्षर देतो, कुणाचा साधा र, हलन्त (पाय मोडल्याची खूण) आणि न दिसणारं जोडचिन्ह (२००डी).

एनएफसी सामान्यीकरण (तुकड्यांत लिहिलेलं अक्षर एकसंध करणारी युनिकोडची पद्धत) आधी लावाच, पण त्यावर विसंबू नका. र आणि नुक्ता यांचा ऱ ते करून देतं. वरच्या बाकी जोड्या त्याला कळत नाहीत. त्या हातानं बदलाव्या लागतात, याच क्रमानं:

– र + हलन्त + जोडचिन्ह असेल तिथे ऱ + हलन्त
– अ + चंद्र आणि ऍ यांच्या जागी ॲ
– अ ला चंद्रासह काना किंवा आ ला नुसता चंद्र जोडून केलेल्या 'ऑ'च्या जागी एकसंध ऑ
– उरलेली न दिसणारी जोडचिन्हं काढून टाका

पहिला आणि शेवटचा बदल उलट झाला तर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. आणि हे सगळं शोधासाठीच्या वेगळ्या स्तंभात करा, मूळ मजकूर लिहिणाऱ्यानं दिला तसाच राहू द्या. शोधायला टंकलेला शब्दही त्याच फंक्शनमधून जायला हवा.

५. नावं, लांबी, आकडे

नाव तपासायला 'फक्त अक्षरं' असा रेजेक्स (मजकुराचा साचा तपासणारा नियम) लावला की 'किरण' नापास होतो, कारण युनिकोडच्या लेखी वेलांटी हे अक्षर नसून खूण आहे. 'एल' (अक्षरं) गटाबरोबर 'एम' (खुणा) गट आणि दोन्ही जोडचिन्हं मान्य करा.

जावास्क्रिप्टची 'लेंग्थ' 'क्षत्रिय'ला ८ सांगते. आपण मोजू तर तीन. मजकूर अमुक लांबीवर कापला तर शेवटी लोंबता हलन्त राहतो, म्हणून कापण्याचं काम सीएसएसच्या 'लाइन-क्लँप'कडे द्या. मोजायचंच असेल तर 'इंटल.सेगमेंटर' वापरा, जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोड १५.१ मध्ये, म्हणजे २०२३ मध्ये आला, त्यामुळे जुने ब्राउझर त्याच शब्दाला पाच म्हणतील.

आकड्यांत गंमत अशी की मराठी निवडल्यावर जावास्क्रिप्टचं 'टू-लोकेल-स्ट्रिंग' आपणहून १२,३४,५६७ असं देवनागरीत लिहून देतं, पण तेच परत 'नंबर'ला दिलं तर हाती 'नॅन' ('हा अंक नाही') येतं. पायथॉनचा 'इंट' मात्र '१२३' बिनतक्रार घेतो. रकमेसाठी 'नंबर' प्रकारची चौकट वापरू नका, तिला देवनागरी अंक सगळीकडे चालतीलच असं नाही. साधी टेक्स्ट चौकट ठेवा, 'इनपुटमोड'ला 'न्यूमेरिक' द्या, आलेल्या मजकुरातले ० ते ९ इंग्रजी अंकांत बदला, स्वल्पविराम काढा, मग हिशेब.

६. क्रम

साधं 'सॉर्ट' युनिकोडच्या क्रमांकांवर चालतं. तिथे ळ हा ल च्या लगेच पाठोपाठ येतो, आणि क्ष, ज्ञ हे क आणि ज च्या पोटात जातात. 'इंटल.कोलेटर'ला 'एमआर' देऊन यादी लावा आणि ज्ञान, लसूण, क्षमा, हळद, जमीन हे शब्द टाकून बघा. जमीन, लसूण, हळद, क्षमा, ज्ञान असा क्रम आला तर ठीक. ब्राउझरमध्ये बरोबर आणि सर्व्हरवर चूक येत असेल तर तिथे जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडची आवृत्ती बघा: १३ च्या आधी त्यात इंग्रजी सोडून इतर भाषांची माहिती आपोआप येत नसे.

एवढं झालं की ते श्रीखंडाचं वाक्य घेऊन एक अँड्रॉइड फोन आणि एक विंडोज संगणक यांवर पान उघडा, फाँटची फाइल मुद्दाम काढून टाकून. तिथे बहुधा अनुक्रमे नोटो आणि निर्मला हे घरचे फाँट येतील. नेट मंद असलेल्या वाचकाला फाँट उतरेपर्यंत हेच दिसू शकतं.