व्हर्च्युअल मशीन झोपवताना डिस्कचा ड्रायव्हर कसा सांभाळायचा

लिनक्स गेस्टमध्ये (म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये) व्हर्टिओ-ब्लॉक, म्हणजे व्हर्च्युअल मशीनसाठीची आभासी डिस्क असेल तर सस्पेंडच्या, म्हणजे मशीन झोपवण्याच्या वेळी ड्रायव्हरचं फ्रीझ फंक्शन चालतं आणि उठताना रिस्टोर, सगळा खेळ या दोघांचाच आहे.

फ्रीझमध्ये क्रम पाळा. डिव्हाइसकडे गेलेल्या सगळ्या रिक्वेस्ट पूर्ण होऊ द्या, मग नवीन येणाऱ्या अडवा, त्यानंतर डिव्हाइस रीसेट करा आणि शेवटी व्हर्टक्यू (ड्रायव्हर आणि डिव्हाइसमधली रिक्वेस्टची रांग) काढून टाका. इथे बरेच जण फसतात, कारण क्विएस (रांग शांत करणारं फंक्शन) केलं की काम झालं असं वाटतं, पण क्विएस फक्त नवीन रिक्वेस्ट पाठवणं थांबवतं, आधीच रांगेत गेलेल्यांची वाट बघत नाही, त्यासाठी ब्लॉक लेयरचं (कर्नलचा डिस्कच्या रिक्वेस्ट हाताळणारा भाग) क्यू-फ्रीझ लागतं. ती वाट न बघता रांग पाडलीत तर त्या रिक्वेस्टचं उत्तर कधीच येत नाही आणि मशीन उठल्यावर प्रोसेस डी स्टेटमध्ये (डिस्कच्या उत्तराची वाट बघत अडकलेली अवस्था) लटकून बसते, किल करूनही मरत नाही.

रिस्टोर सोपं आहे, व्हर्टक्यू नव्याने बांधा, डिव्हाइस रेडी करा, मगच रांग उघडा.

हायबरनेशनमध्ये (मेमरी डिस्कवर लिहून मशीन बंद करणं) एक गोष्ट लक्षात ठेवाच: मेमरीची इमेज घेतल्यावर डिस्क परत जागी होते, कारण ती इमेज बहुतेक वेळा त्याच डिस्कच्या स्वॅपवर (मेमरीसाठी राखलेल्या जागेवर) लिहायची असते, म्हणजे एकाच फेरीत तुमचा ड्रायव्हर झोपतो, उठतो आणि लगेच कामाला लागतो.

टेस्ट करताना पीएम-टेस्टला (कर्नलची सस्पेंड तपासायची सेटिंग) 'डिव्हाइसेस' लिहा आणि मग सस्पेंड करा, मशीन खरंच बंद न होता सुमारे 5 सेकंदांत परत येतं. मागे डीडी (डेटा कॉपी करणारी कमांड) चालू ठेवा हं, काम नसलेल्या डिस्कवर हा लटकण्याचा बग दिसतच नाही.