चराईवर किती मेंढ्या, आणि किती दिवस?

‘एकराला किती मेंढ्या सोडायच्या?’ याला सरसकट आकडा नाही. नाल्याकाठचं मारवेल गवत आणि मुरमाड बरडावरचं (हलक्या, खडकाळ जमिनीवरचं) कुसळी गवत एकाच शिवारात असतात, पण चाऱ्यात तिपटी-चौपटीचा फरक पडतो. म्हणून आधी गवत मोजायचं, मेंढ्या नंतर. हिशोबही मेंढी-दिवसांत ठेवायचा. एक मेंढी एक दिवस पोटभर चरली की एक मेंढी-दिवस झाला.

मोजणी नवरात्र ते दिवाळीच्या दरम्यान करा. पाऊस सरलेला असतो, गवताची वाढ थांबलेली असते. तेव्हा उभं दिसतं तेवढ्यावरच पुढचा जुलै गाठायचा असतो. ऑगस्टमधली हिरवळ बघून कळप वाढवला की मार्चमध्ये मेंढ्या विकायची पाळी येते, तीही पडत्या भावात.

गवत मोजायला एक चौकट लागते; ती घरीच होते. अर्धा इंची पीव्हीसी पाइपाचे चार तुकडे आणि चार एल्बो लागतात. आतलं माप नेमकं १ मीटर बाय १ मीटर भरलं पाहिजे. एल्बोमुळे बाजू वाढते, तेवढा पाइप कमी कापा. प्रत्येक बाजू ३ सेंटिमीटरने जास्त झाली तर हिशोब ६ टक्क्यांनी चुकतो.

रानाचे आधी भाग पाडा: नाल्याकाठ, सपाट बरड, उतार. प्रत्येक भागात किमान ५ ठिकाणी, जमलं तर १० ठिकाणी चौकट टाका. तीस पावलं चालायचं आणि मागे न बघता खांद्यावरून फेकायची. उघड्या मुरमावर पडली तर शून्य लिहा. इथेच बहुतेकांचा हात ढळतो. ‘इथं काहीच नाही’ म्हणून चौकट दोन हात सरकवून चांगल्या गवतावर ठेवली जाते आणि बरडाचा आकडा दुप्पट होतो.

चौकटीतलं गवत विळ्याने जमिनीलगत कापा. रानतुळस, तरोटा, गाजर गवत बाजूला काढा. तिखाडीही काढा, तिच्या वासामुळे मेंढ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत. उरलेलं पोत्यावर पसरून चार-पाच दिवस वाळवा. काडी वाकवल्यावर कटकन तुटली पाहिजे. वजन करा, दुसऱ्या दिवशी पुन्हा करा; आकडा तोच आला तर गवत वाळलं. ओल्या वजनावर हिशोब करू नका, ऑक्टोबरच्या गवतातही निम्म्याहून जास्त पाणी असू शकतं.

एका चौकटीचे सरासरी ग्रॅम गुणिले ४ म्हणजे एकरी किलो (एकर साधारण ४,०४७ चौरस मीटर). समजा २० एकर रान आहे:

नाल्याकाठ ४ एकर, चौकटीत २२० ग्रॅम: ३,५२० किलो
सपाट बरड १० एकर, ११० ग्रॅम: ४,४०० किलो
उतार ६ एकर, ६० ग्रॅम: १,४४० किलो

हे सगळं मेंढीच्या पोटात जात नाही. निम्मं गवत जमिनीवर राहिलंच पाहिजे, नाहीतर मुळं दुबळी होतात आणि पहिल्याच पावसात माती वाहते. उरलेल्या निम्म्यातलं जवळपास अर्धं पायदळी तुडवलं जातं, वाळवी खाते, वाऱ्याने झडतं. म्हणून सपाटीवर आणि नाल्याकाठी २५ टक्के धरा, उतारावर १५. नाला आणि बरड मिळून १,९८०, उताराचे २१६, एकूण २,१९६ किलो.

३० किलोची दख्खनी मेंढी दिवसाला साधारण १ किलो कोरडा चारा खाते. दूध पाजणारी दीडपट धरा, तीन महिन्यांवरचं कोकरू अर्धं. म्हणजे हातात अंदाजे २,२०० मेंढी-दिवस आहेत. ऑक्टोबर मध्य ते जुलै मध्य २७० दिवस. त्यातले ६० दिवस मेंढ्या सोयाबीन, तूर, हरभरा निघालेल्या वावरात बसणार असतील तर २१० उरले. २,२०० भागिले २१० म्हणजे १० मेंढ्या. वीस एकरात दहाच! शंभराचा कळप हेच रान २२ दिवसांत संपवतो. मेंढपाळ मुक्काम हलवत राहतो तो उगीच नाही.

रान ई-क्लासचं (गावाच्या चराईची सरकारी जमीन) असेल तर गावची ढोरं वजा करा. २५० किलोची गावठी गाय रोज ६ किलोच्या आसपास कोरडा चारा खाते. अशा दोनच गायी २१० दिवस चरल्या तर २,५२० किलो झाले, वरचा सगळा साठा संपून वर तूट. झुडपी जंगलाचा तुकडा हिशोबात धरण्याआधी चराईला मुभा आहे का, हे तलाठी आणि वनरक्षकाकडे विचारून घ्या.

वावरातले ६० दिवस धोक्याचेही असतात. सोयाबीनचे सांडलेले दाणे उपाशी मेंढीने अधाशासारखे खाल्ले तर पोट बिघडून ती दगावू शकते. आधी गवतावर पोट भरा, मग अर्धा तास सोडा, वेळ रोज थोडा वाढवा. ज्वारी कापल्यावर फुटलेल्या कोवळ्या फुटव्यांत विष असतं, तिथे नेऊच नका. पऱ्हाटीत (कपाशीत) शिरण्याआधी शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली ते मालकाला विचारा.

कुसळीचं रान ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोकळं ठेवा. कुसळं लोकरीतून कातडीत रुततात, तोंडात जखमा करतात. ती झडली की जानेवारीत तिथे वळा.

होळीच्या सुमारास चौकट पुन्हा टाका. निम्मं राखायचं ते ऑक्टोबरच्या मापाचं; उरलेल्याचं पुन्हा निम्मं नव्हे. बरडावर ११० ग्रॅम होते, तर ५५ ही शेवटची रेघ. होळीलाच ६० आले तर मेंढ्या लगेच हलवा किंवा कमी करा. चौकट नसली तरी खाली वाकून बघा: गवताचा ठोंब स्वतःच्या मातीच्या उंचवट्यावर उभा आणि मुळं उघडी दिसत असतील, तर आजूबाजूची माती गेलेली आहे. तिथे चराई आधीपासूनच जास्त होते आहे.

एप्रिल-मेमध्ये गवत वजनाला भरतं, पण त्यात प्रथिनं फार थोडी उरतात. पोट भरलेलं दिसूनही मेंढी वाळत जाते. तेव्हा तुरीचं किंवा हरभऱ्याचं कुटार (मळणीनंतरचा भुसा), बाभळीच्या शेंगा आणि रोज १०० ग्रॅम सरकी ढेप द्या. पाणी मेंढीमागे ५-६ लिटर धरा. त्यासाठी रोज लांब चालावं लागत असेल तर नाल्यापासून दूरचा तुकडा उन्हाळ्याच्या हिशोबात धरू नका.

मृगाचा पाऊस पडून रान हिरवं झालं तरी लगेच शिरू नका. गवत वीतभर होईपर्यंत, साधारण तीन-चार आठवडे, मेंढ्या धुऱ्यावर (बांधावर) आणि कुटारावर काढा. २७० दिवसांचा हिशोब जूनऐवजी जुलैपर्यंत धरला आहे तो यासाठीच.