छोट्या मॅरेथॉनमध्ये पीबी करायची आहे? या चुका टाळा

दोन-तीनशे धावपटूंची मॅरेथॉन पीबीसाठी, म्हणजे स्वतःची आजवरची सर्वोत्तम वेळ (पर्सनल बेस्ट) गाठण्यासाठी, फार चांगली असते. सुरुवातीला गर्दीत अडकायला होत नाही, पहिल्या पावलापासून रस्ता मोकळा मिळतो. पण मोठ्या शर्यतीत पेसर (ठरावीक वेगाने धावून इतरांना तो राखायला मदत करणारे), प्रेक्षक आणि आजूबाजूचे धावपटू तुमचं बरंच काम परस्पर करून टाकतात. इथे ते सगळं तुमच्यावर येतं, आणि वेळ हुकते ती बहुतेक वेळा याची तयारी नसल्यामुळे.

घड्याळातल्या सरासरीवर विसंबणं

माझ्या मते सगळ्यात जास्त पीबी इथेच जातात. चार तासांत शर्यत संपवायला ५:४१ चा पेस (दर किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद) लागतो, पण हे गणित ४२.१९५ किलोमीटरचं आहे. व्यवस्थित मोजलेल्या मार्गावर हे अंतर धावता येईल अशा सर्वांत जवळच्या रेषेवर मोजतात. आपण वळणं बाहेरून घेतो, पाण्यासाठी बाजूला जातो, त्यात जीपीएसचीही थोडी चूक होते. त्यामुळे शेवटी घड्याळात ४२.५ किलोमीटर दिसणं नेहमीचंच आहे. तेवढ्या अंतराला घड्याळातला ५:४१ धरून धावलात तर ४ तास दीड मिनिट लागेल. म्हणून घड्याळात ५:३८ दिसू द्या आणि वळणं आतल्या कडेने घ्या.

त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे टप्प्यांच्या वेळा मनगटावर लिहून ठेवणं: १० किलोमीटर ५६:५३, हाफ (अर्धं अंतर, २१.१ किलोमीटर) २:००, ३० किलोमीटर २:५०:३८. छोट्या शर्यतीत किलोमीटरचा एखादा फलक चुकीच्या जागी असू शकतो. एकाच फलकावरून घाबरून वेग वाढवू नका, पुढचा येऊ द्या.

मार्ग अधिकृतपणे मोजलेला आहे का आणि वेळ चिपवर (तुम्ही सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासून) धरणार की गनपासून (शर्यत सुटल्यापासून), हे नाव नोंदवण्याआधीच विचारून घ्या. अंतर कमी भरलं तर ती पीबी मी तरी मोजणार नाही.

हाफवाल्यांबरोबर सुटणं

छोट्या ठिकाणी अनेकदा हाफ मॅरेथॉन आणि पूर्ण मॅरेथॉन एकत्र सुटतात आणि हाफचे लोक साहजिकच वेगात असतात. त्यांच्या मागे लागून पहिल्या पाच किलोमीटरमध्ये मिळवलेलं एक मिनिट पस्तिसाव्या किलोमीटरला कितीतरी पटीने वसूल होतं, कारण वेग वाढला की शरीरात साठवलेलं ग्लायकोजन (कार्बोहायड्रेटचा साठा) लवकर संपतं. केनियाच्या केल्विन किप्टमने २०२३ मध्ये शिकागो मॅरेथॉनला २:००:३५ चा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचा दुसरा हाफ पहिल्यापेक्षा मिनिटभराने वेगवान होता.

पुढे हाफवाले वळून जातात आणि रस्ता एकदम रिकामा होतो. पेस नकळत घसरतो तो इथेच. याची सवय सरावातल्या लाँग रनमध्येच (लांब पल्ल्याच्या धावांत) करा: काही लाँग रन एकट्याने, हेडफोनशिवाय, शेवटचे ८-१० किलोमीटर रेस पेसवर. शर्यतीत तुमच्याच वेगाचं कुणी दिसलं तर सरळ विचारा, 'किती टार्गेट आहे?' आळीपाळीने पुढे राहिलात तर समोरचा वारा दोघांनाही कमी लागतो.

पाण्याच्या टेबलांवर सगळा भार टाकणं

टेबलं कमी असतात, आणि उशिरा पोहोचणाऱ्यांसाठी काही उरेलच असं नाही. जेल (कार्बोहायड्रेटची छोटी पाकिटं) स्वतःजवळ ठेवा. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट, आणि सुरुवात थकवा जाणवायच्या आत, पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात. सरावात न वापरलेला जेल शर्यतीत नको. नवे बूटही नकोत. भीतीपोटी गटागटा पाणी पिऊ नका, रक्तातलं सोडियम घसरणं धोक्याचं असतं.

टार्गेट हवेतलं असणं

एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराच्या वेळेचा अंदाज देणाऱ्या रीगलच्या सूत्राप्रमाणे हाफ १:५५ मध्ये होत असेल तर पूर्ण मॅरेथॉन जेमतेम चार तासांत बसते, तीही लाँग रन नीट झाले असतील आणि हवा थंड असेल तर. उकाडा असेल तर सकाळीच टार्गेट सैल करा.

तिसाव्या किलोमीटरला तीन मिनिटं मागे असाल तर उरलेल्या बारा किलोमीटरमध्ये दर किलोमीटरला १५ सेकंद भरून काढावे लागतील. त्या टप्प्यावर ते फार थोड्यांना जमतं. अशा वेळी आधीच ठरवलेलं दुसरं टार्गेट धरा आणि आहे तो पेस टिकवा.