वाइनसाठी ग्लास निवडताना

सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क आहे आणि तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ हा सारा पट्टा द्राक्षबागांचा आहे. तरीही इथल्या बहुतेक घरांत वाइनची बाटली उघडली की आहेरात आलेले सरबताचे ग्लासच बाहेर निघतात. आपल्या बागांतली थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश किंवा सोनाका ही द्राक्षे प्रामुख्याने खाण्याची आणि बेदाण्याची. वाइनच्या बाटलीवर मात्र शिराझ, कॅबर्ने सॉव्हिन्यों, शेनिन ब्लांक, सॉव्हिन्यों ब्लांक अशी वाइनच्या द्राक्षांची नावे असतात; यांतल्या पहिल्या दोन रेड, तर शेवटच्या दोन व्हाइट वाइन. ग्लास निवडण्याआधी आपल्या घरी यांपैकी कोणती वाइन जास्त उघडली जाते ते पाहावे, कारण ग्लासचा आकार त्यावर ठरतो.

वाइनची चव म्हणून आपण जे अनुभवतो त्यातला मोठा वाटा वासाचा असतो, आणि ग्लासचे खरे काम तो वास साठवून नाकापर्यंत पोहोचवणे हे आहे. म्हणून ग्लासचे पोट रुंद आणि काठ त्यापेक्षा अरुंद हवा. पोट रुंद असल्याने वाइनला हवा लागते आणि ग्लास हलकेच फिरवता येतो; काठ आत वळलेला असल्याने वर आलेला वास तिथेच कोंडून राहतो. मात्र ग्लास काठोकाठ भरला तर या रचनेचा काहीच उपयोग होत नाही. पोटाचा सर्वांत रुंद भाग जिथे येतो तिथपर्यंतच, म्हणजे साधारण १२० ते १५० मिलिलिटर, वाइन ओतावी. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत असे पाच-सहा ग्लास होतात. आपल्याकडे अर्धा ग्लास पाहुण्याच्या हातात देणे कंजूषपणाचे वाटते, पण इथे तो संकोच बाजूला ठेवावा.

शिराझ, कॅबर्ने यांसारख्या भारी रेड वाइनसाठी ५०० ते ६०० मिलिलिटरचा उंच, मोठ्या पोटाचा ग्लास योग्य ठरतो, कारण या वाइनमधला तुरटपणा हवा लागल्यावर थोडा सौम्य वाटतो आणि शिराझचा काळ्या मिरीसारखा वास मोकळा होतो. पिनो न्वारसारख्या नाजूक रेड वाइनला याहून गोलाकार, फुगीर ग्लास वापरतात. ऑस्ट्रियातले ग्लासनिर्माते क्लाउस रीडेल यांनी १९५८ मध्ये फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या पिनो न्वार वाइनसाठी काढलेला मोठा ग्लास याच घाटाचा होता. ही वाइन आपल्याकडे क्वचितच उघडली जात असल्याने त्यासाठी वेगळा खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही. व्हाइट वाइन थंड प्यायची असते, म्हणून तिला लहान पोटाचा, ३०० ते ४०० मिलिलिटरचा ग्लास पुरतो. थोडी थोडी ओतली की ती ग्लासात तापत बसत नाही आणि सॉव्हिन्यों ब्लांकचा ढोबळ्या मिरचीसारखा हिरवट वास नाकाजवळ राहतो. गुलाबी रंगाच्या रोझे वाइनलाही हाच ग्लास चालतो. बुडबुड्यांच्या स्पार्कलिंग वाइनला उंच, निमुळता फ्लूट देण्याची पद्धत आहे. त्यात बुडबुडे टिकतात, पण वास फारसा मिळत नाही, म्हणून किंचित पोट असलेला ट्युलिप ग्लास मला अधिक पटतो. पसरट, उथळ तोंडाचा कूप ग्लास समारंभात शोभून दिसतो एवढेच. महाबळेश्वरकडच्या स्ट्रॉबेरीची गोड वाइन असेल तर छोटा ग्लास घ्यावा, कारण ती थोडीच प्यायली जाते.

ग्लासच्या आकारामुळे वाइन जिभेच्या गोड किंवा आंबट भागावर नेमकी पडते, असे काही विक्रेते सांगतात. त्याकडे लक्ष देऊ नये. सर्व चवी जिभेच्या सर्वच भागांना कळतात.

आपल्या हवामानात ग्लासच्या दांडीला, म्हणजे पोट आणि बैठक जोडणाऱ्या बारीक भागाला, विशेष महत्त्व आहे. रेड वाइन साधारण १५ ते १८ अंशांवर आणि व्हाइट ८ ते १२ अंशांवर प्यावी असे मानतात. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांत खोलीतच तापमान याच्या कितीतरी वर असते, त्यामुळे रेड वाइनही आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी आणि ग्लास पोटाला न धरता दांडीला धरावा. बिनदांडीचे ग्लास मोडत कमी असले, तरी हाताची ऊब थेट वाइनला लागते.

दुकानात ग्लास घेताना काठावरून बोट फिरवून पाहावे. काठाला जाड, गोल वळ असेल तर तो साचातला साधा ग्लास समजावा. तो टिकाऊ असतो, पण ओठांना जाड लागतो. ग्लासची बैठक जवळजवळ पोटाइतकी रुंद हवी, नाहीतर जेवणाच्या टेबलावर कोणाचा तरी हात लागून तो आडवा होणार. पिताना नाक काठाच्या आत येते का, हेही तिथेच तपासावे. क्रिस्टल घ्यायचेच असेल तर शिसेविरहित मागावे. एकच संच घेणे शक्य असेल तर साधारण ४०० मिलिलिटरचे, आत वळलेल्या काठाचे सहा ग्लास घ्यावेत. वाइन तपासण्यासाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने ठरवलेला ग्लासही सर्व वाइनसाठी एकच असतो, आणि त्याची क्षमता तर जेमतेम २१५ मिलिलिटर आहे.

बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने धुतलेल्या ग्लासवर पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटी फिल्टरच्या गरम पाण्याने विसळून लगेच मऊ सुती कापडाने पुसावे. पुसताना एका हाताने बैठक धरून दुसऱ्या हाताने पोट पिळल्यासारखे फिरवले की दांडी तिथेच मोडते. पोट पुसताना पोटच धरावे. साबणाचा अंश राहिला तर स्पार्कलिंग वाइनचे बुडबुडे नीट उठत नाहीत. वाळलेले ग्लास हळद-मसाल्याच्या कपाटात ठेवू नयेत आणि पालथे घालूनही ठेवू नयेत, कारण फळीचा वास आत कोंडतो. वापरण्यापूर्वी प्रत्येक ग्लास रिकामाच हुंगून पाहावा, आणि वास आला तर पुन्हा विसळून घ्यावा.